कॅलाबारचा घेवडा

वनस्पतिशास्त्राच्या तासास शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचें कुळ शिकवूं लागलें कीं, विद्यार्थी तूर, हरभरा, वाटाणा, वाल, घेवडा अशीं नांवें भराभर सांगतात. ह्या कुळानें मनुष्यजातीस पोसलें आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु ह्याच कुळांत असेही कांहीं सोयरे आहेत कीं, ज्यांचे दाणे पोटांत गेले असतां मनुष्याचे प्राण धोक्यांत पडावे. आफ्रिकेच्या उष्ण रानांत वाढणारा कॅलाबारचा घेवडा हा त्यांपैकींच एक होय. त्याची हकीकत आम्ही ह्या लेखांत आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें ठेवीत आहों. ती मनोरंजक आहे म्हणून तर ठेवीत आहोंच. पण तिच्यांत विचार करण्याजोगी एक मोठी गोष्टही आहे. ह्या एकाच दाण्यास लोकांनीं दोन निरनिराळे प्रश्न विचारले. एका प्रश्नाच्या पायीं कित्येक निरपराधी माणसें प्राणांस मुकलीं. दुसऱ्या प्रश्नास मिळालेल्या उत्तराचा उपयोग आज जगभरच्या इस्पितळांत होत आहे. ते प्रश्न कोणते, हें पुढें कळून येईल.

प्रथम वेलाची ओळख करून घेऊं. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गिनीचें आखात जेथें आंत वळतें, तेथें हल्लींच्या नायजेरिया देशाच्या आग्नेय भागांत कॅलाबार नांवाचें जुनें बंदर आहे. पाऊस भरपूर, हवा उष्ण व दमट, आणि नदीकांठ दाट झाडीनें भरलेले. अशा नदीकांठच्या ओल्या रानांत हा वेल मोठमोठ्या वृक्षांवर चढतो. त्याचें खोड लांकडासारखें टणक व एक-दोन इंच जाडीचें असून वेल सुमारें पन्नास फूट उंचीपर्यंत जातो. आपल्या सह्याद्रींतील गारंबीचा वेल ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस ह्या वेलाच्या वाढीची थोडीशी कल्पना येईल. मात्र गारंबी ह्याहून किती तरी प्रचंड. पानें घेवड्याप्रमाणें तीन तीन दळांचीं. फुलें जांभळट गुलाबी व झुपक्यांनीं लोंबणारीं. शेंग सहा-सात इंच लांब असून तिच्यांत दोन किंवा तीन दाणे असतात. दाणा सुमारें इंचभर लांब, काळसर तपकिरी व टणक सालीचा असून त्याच्या एका कडेनें लांब काळी खांच गेलेली असते. दिसावयास तो अगदीं साधा. चवीसही असा कांहीं कडू नव्हे कीं, जीभ आधींच सावध व्हावी.

त्या मुलखांत राहणाऱ्या एफिक लोकांच्या भाषेंत ह्या दाण्यास एसेरे म्हणतात. एखादा सरदार अकस्मात् वारला किंवा एखादें मूल रोगानें गेलें, तर तें कोणाच्या तरी चेटकानें घडलें अशी गेल्या शतकापूर्वीं त्या लोकांची समजूत असे. मग संशयितांस धरून आणीत. दाणे कुटून पाण्यांत कालवून तें पाणी त्यांस पाजीत व चालावयास लावीत. ओकारी होऊन विष पडून गेलें व मनुष्य वांचला, तर तो निर्दोष. मेला, तर तो चेटक्याच होता असें सिद्ध झालें! दोघांमध्यें तंटा झाल्यास एकच दाणा अर्धा अर्धा करून दोघांनीं खावा, अशीही रीत होती. आणि तेवढ्यानें दोघेही मेल्याचें नमूद आहे. कित्येक माणसें तर आपण होऊन एसेरे मागत. आपण निर्दोष आहों, तेव्हां आपणांस कांहीं होणार नाहीं, अशी त्यांची पक्की खात्री असे. ह्या साऱ्या हकीकतींतील सर्वांत दुःखाचा भाग आम्हांस हाच वाटतो.

ह्यावरून आमच्या वाचकांनीं आफ्रिकेंतील लोकांस मात्र हंसूं नये. दिव्य हा शब्द आपल्या भाषेंत आजही रूढ आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत तुला, अग्नि, जल, विष व कोश अशीं पांच दिव्यें सांगितलीं आहेत. त्यांत विष हें एक आहेच. मराठेशाहींत वतनाच्या तंट्यांत तापलेल्या तेलांतून किंवा तुपांतून धातूचा रवा हातानें काढावयास लावीत. मग हात पिशवींत बांधून त्यावर मोहोर करीत, आणि कांहीं दिवसांनीं पिशवी सोडून, हात भाजला कीं नाहीं हें पाहून निवाडा देत. युरोपांतही मध्ययुगांत तापल्या लोखंडाचें व पाण्याचें दिव्य होतेंच. सारांश, साक्षीपुरावा तपासण्याचे कष्ट टाळून न्यायाचें ओझें निसर्गावर टाकून देण्याचा मोह कोणा एका देशाचा नव्हे.

ह्या विषदिव्याचें समर्थन करणारें एक स्पष्टीकरण पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतें. निर्दोष मनुष्य निर्भयपणें सर्व पेय एकदम पिऊन टाकतो, त्यामुळें त्यास ओकारी होते. दोषी मनुष्य भीत भीत घोट घोट घेतो, त्यामुळें विष त्याच्या अंगांत भिनतें, असें हें म्हणणें आहे. ऐकावयास तें मोठें चातुर्याचें वाटतें. परंतु जरा विचार करा. दाणे किती घातले, ते किती बारीक कुटले, पाणी किती घातलें, पिणाऱ्याचें पोट भरलेलें होतें कीं रिकामें, ह्या सर्व गोष्टींवर परिणाम अवलंबून असणार. आणि त्यांतील बहुतेक गोष्टी पाजणाराच्या हातीं. शिवाय निर्दोष मनुष्यासही मरणाची भीति वाटते, आणि कित्येक दोषी मोठे धीट असतात. आणि मुख्य गोष्ट ही कीं, ज्या गुन्ह्याचा तपास चालला होता, तो गुन्हाच मुळीं घडलेला नसे. चेटकानें कोणी मेलेंच नव्हतें, तर चेटक्या सांपडणार कोठून? प्रश्नच खोटा, मग उत्तर खरें कसें यावें?

ही चाल एका दिवसांत बंद झाली नाहीं. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचें मिशन १८४६ सालीं कॅलाबार येथें सुरू झालें. होप वॅडेल हे त्याचे पुढारी होते. मृत सरदाराबरोबर माणसें बळी देण्याची चाल बंद करण्याचा करार १८५० सालीं झाला. पण एसेरेची चाल त्यापुढेंही बरींच वर्षें टिकली. १८७८ सालच्या करारानें तीही मना झाली, तरी आंतल्या मुलखांत कागदावरचा करार कोण मानतो? डंडी शहरांतील गिरणींत काम करीत वाढलेल्या मेरी स्लेसर ह्या बाई १८७६ सालीं कॅलाबार येथें गेल्या व १८८८ सालीं ओकोयाँग ह्या आंतल्या मुलखांत जाऊन राहिल्या. तेथील एका सरदाराचा तरुण मुलगा लांकडाचा ओंडका अंगावर येऊन मेला. लागलीच चेटकाचा संशय निघाला, माणसें धरून आणण्यांत आलीं आणि एसेरेची तयारी झाली. तेव्हां स्लेसरबाईंनीं त्या कैद्यांजवळ रात्रंदिवस पहारा केला, सरदाराची परोपरीनें समजूत घातली, व अखेर त्यांची सुटका करविली. त्यांच्या हातीं सैन्य नव्हतें. चिकाटी मात्र होती.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. हा दाणा पोटांत गेल्यावर शरीरांत काय घडतें, व कां घडतें? डॅनियल नांवाच्या ब्रिटिश लष्करी वैद्यानें १८४६ सालीं ह्या विषदिव्याची हकीकत विद्वानांपुढें मांडली, आणि मिशनऱ्यांनीं कांहीं दाणे एडिंबरो शहरीं पाठविले. ते तेथील वनस्पतिबागेंत रुजले, पण त्या वेलांस फूल येईना; आणि फुलावांचून वनस्पतीचें कुळ व जात नक्की करणें कठीण. पुढें १८५९ सालीं रेव्हरंड विल्यम कूपर टॉमसन ह्या मिशनऱ्यांनीं फुलांसह नमुने पाठविले, व त्यांवरून प्रोफेसर बाल्फर ह्यांनीं ह्या वेलास फायझोस्टिग्मा व्हेनेनोझम असें शास्त्रीय नांव दिलें. ग्रीक भाषेंत फायसा म्हणजे फुगा. स्त्रीकेसराच्या टोकावर जी टोपीसारखी वाढ दिसते ती फुग्याप्रमाणें पोकळ असावी असें वाटून हें नांव पडलें. ती भरीव आहे असें मागाहून कळलें, पण नांव तेंच राहिलें. ह्याच टॉमसन ह्यांनीं पाठविलेला दुसरा एक वेल आपल्याकडील बागांतही लावतात. पांढऱ्या पेल्यांतून तांबडें फूल बाहेर काढणाऱ्या त्या वेलाच्या शास्त्रीय नांवांत टॉमसन ह्यांच्या दिवंगत पत्नीची आठवण ठेवलेली आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. रानांतल्या शेंकडों वेलींतून ह्याच वेलाच्या दाण्यांत विलक्षण शक्ति आहे, हें ज्ञान मूळचें एफिक लोकांचें. एडिंबरोच्या पंडितांनीं तें शोधून काढलें नाहीं. तें त्यांच्या हातीं आयतें आलें. त्यांनीं त्यांत घातली ती मोजमापाची शिस्त.

ह्या शिस्तीचा पहिला धडा मात्र जिवावर बेतणारा होता. एडिंबरो विद्यापीठांत सर रॉबर्ट क्रिस्टिसन हे औषधिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८५५ सालीं त्यांनीं हा दाणा स्वतः खाऊन पाहण्याचें ठरविलें. एके रात्रीं त्यांनीं दाण्याचा आठवा भाग खाल्ला. विशेष कांहीं झालें नाहीं. म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं चौथा भाग खाल्ला. थोड्याच वेळांत त्यांस भोंवळ आली, अंग गळून गेलें, नाडी मंद व अनियमित झाली. प्रसंग ओळखून त्यांनीं दाढी करण्यासाठीं घेतलेलें साबणाचें पाणी घटघटां पिऊन ओकारी काढली, म्हणून ते वांचले. मन शेवटपर्यंत शाबूत, पण हातपाय मात्र हुकूम मानीनात, अशी आपली अवस्था झाली होती, हें त्यांनीं नमूद करून ठेविलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांचें धैर्य वाखाणावें. अनुकरण मात्र मुळींच करूं नये. ह्याच दाण्यांनीं पुढें १८६४ सालीं लिव्हरपूल बंदरांत अनर्थ केला. गलबतांतून झाडून टाकलेल्या केरांतले दाणे मुलांनीं उचलून खाल्ले. बरींच मुलें आजारी पडलीं व एक मुलगा दगावला.

क्रिस्टिसन ह्यांच्या हाताखालीं टॉमस रिचर्ड फ्रेझर नांवाचा तरुण काम करीत होता. ह्या दाण्यावरील त्याच्या प्रबंधास १८६२ सालीं सुवर्णपदक मिळालें. अर्काची मात्रा थोडी थोडी वाढवीत जाऊन हृदय, श्वास, स्नायु व डोळा ह्यांवर काय काय परिणाम होतात, हें त्यानें क्रमानें टिपलें. हा फ्रेझर मूळचा कलकत्त्यास जन्मलेला. आणि १८९६ सालीं मुंबईस प्लेगची सांथ सुरू झाल्यावर सरकारनें जें प्लेग कमिशन नेमलें, त्याचा अध्यक्ष हाच होता. आफ्रिकेंतील बाणांस लावण्याच्या विषाचा वेल जो स्ट्रोफँथस, त्यापासून हृदयरोगावरील औषध तयार करण्याचें श्रेयही त्याचेंच.

फ्रेझरच्या टिपणांतील एक गोष्ट त्याचा मित्र नेत्रवैद्य अर्गाइल रॉबर्टसन ह्याच्या मनांत भरली. ह्या अर्कानें डोळ्याची बाहुली आकुंचित होते, ही ती गोष्ट. रॉबर्टसननें तो अर्क स्वतःच्याच डोळ्यांत घालून पाहिला व १८६३ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. तोंवर बाहुली मोठी करणारें औषध, म्हणजे ॲट्रोपीन, वैद्यांजवळ होतें. ती लहान करणारें खात्रीचें औषध नव्हतें. तें आतां सांपडलें. पुढें १८७६ सालीं स्ट्रासबुर्ग येथील लाकर नांवाच्या नेत्रवैद्यानें काचबिंदूवर ह्याचा उपयोग केला. काचबिंदूंत डोळ्याच्या आंतील द्रवाचा दाब वाढून दृष्टि हळूहळू नाहींशी होते. बाहुली आकुंचित झाली कीं, त्या द्रवास वाट मिळून दाब उतरतो. लाकर ह्यांस स्वतःसही हाच विकार होता. आज काचबिंदूवर ह्याहून सौम्य व अधिक गुणकारी थेंब मिळतात. पण त्या रोगावर औषधानें इलाज होऊं शकतो, ही वाट ह्या दाण्यानें दाखविली.

दरम्यान १८६४ सालीं योब्स्ट व हेसे ह्या जर्मन रसायनज्ञांनीं दाण्यांतील मुख्य द्रव्य वेगळें काढून त्यास फायझोस्टिग्मिन म्हटलें. पुढील वर्षीं फ्रान्समध्यें तें स्फटिकरूपानें मिळालें, तेव्हां त्यास एसेरीन असें नांव पडलें. अशा रीतीनें एफिक लोकांचा शब्द वैद्यकाच्या कोशांत जाऊन बसला.

त्याच १८६४ सालीं प्राग शहरांत एक चमत्कारिक प्रसंग घडला. तुरुंगांतील कांहीं कैद्यांनीं दारू समजून डोळ्यांत घालण्याचें ॲट्रोपीनचें पाणी पिऊन टाकलें. क्लाइनव्हेख्टर नांवाच्या डॉक्टरानें विचार केला कीं, डोळ्यामध्यें जर हीं दोन द्रव्यें एकमेकांच्या उलट वागतात, तर साऱ्या शरीरांत कां वागूं नयेत? सर्वांत अत्यवस्थ कैद्यास त्यानें कॅलाबारच्या घेवड्याचा अर्क दिला, आणि तोच आधीं शुद्धीवर आला. आपल्या उकिरड्यावर उगवणाऱ्या धोत्र्यांत ॲट्रोपीनच्याच जातीचीं विषें असतात. धोत्र्याचें बीं खाल्लेला मनुष्य बरळतो, त्याचें तोंड कोरडें पडतें, बाहुल्या विस्फारतात. कॅलाबारचा घेवडा खाल्लेल्याची लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या सुईच्या अग्राएवढ्या होतात. एक विष दुसऱ्यावर उतारा ठरावें हा निसर्गाचा मोठा नवलाचा नेम होय. परंतु तो नेम साधतो मात्रा जाणणाऱ्या वैद्यास. घरच्या घरीं कोणी असा प्रयोग केला, तर एका विषाचीं दोन होतील.

हें सर्व घडतें कसें, ह्याचें उत्तर मिळण्यास आणखी साठ वर्षें लागलीं. ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथें ओटो लोव्ही ह्यांनीं १९२१ सालीं बेडकांच्या दोन हृदयांवर प्रयोग केला. एका हृदयाची मज्जातंतू चेतवून त्याची गति मंद केली, व त्या हृदयांतील द्रव दुसऱ्या हृदयांत घातला. तेंही मंद झालें. ह्यावरून मज्जातंतू आपला हुकूम एका रासायनिक द्रव्याच्या द्वारें पोंचविते, हें सिद्ध झालें. तें द्रव्य ॲसिटिलकोलिन होय. १९२६ सालीं लोव्ही व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखवून दिलें कीं, शरीरांत ह्या द्रव्याचा क्षणार्धांत नाश करणारा दुसरा एक पदार्थ असतो, आणि एसेरीन त्या नाश करणाराचेंच काम थांबवितें. ह्या मज्जातंतूविषयींच्या शोधांबद्दल लोव्ही व सर हेन्री डेल ह्यांस १९३६ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

शाळेच्या घंटेच्या उदाहरणानें ही गोष्ट सहज कळेल. शिपाई घंटा देतो, वर्ग तास बदलतात, आणि घंटा थांबते. ती थांबली म्हणूनच पुढच्या तासाची घंटा ऐकूं येते. ॲसिटिलकोलिन ही घंटा, आणि तिचा नाद लागलीच हातानें धरून थांबविणारा जो शिपाई, तोच तो नाश करणारा पदार्थ. कॅलाबारचा घेवडा ह्या शिपायाचे हात बांधून ठेवतो. मात्रा अधिक झाली तर घंटा एकसारखी घणघणत राहते. स्नायु तडफडतात, मग थकतात, आणि शेवटीं श्वासाचे स्नायूही थांबून मृत्यु येतो. परंतु समजा, एखाद्या शाळेंतील घंटाच इतकी हळू वाजते कीं, वर्गांत ऐकूं येत नाहीं. तर तेथें तिचा नाद थोडा अधिक वेळ टिकूं दिल्यास उपकारच होईल.

अशी हळू वाजणारी घंटा ज्यांच्या नशिबीं येते असे रोगी खरोखर असतात. मायस्थेनिया ह्या विकारांत पापण्या आपोआप मिटतात, घांस गिळवत नाहीं, केंस विंचरावयास हात वर उचलत नाहीं. लंडनजवळ ग्रीनिच येथील सेंट आल्फेज इस्पितळांत डॉ. मेरी वॉकर काम करीत होत्या. ह्या विकाराचीं लक्षणें दक्षिण अमेरिकेंतील कुरारे नांवाच्या बाणाच्या विषासारखीं आहेत, असें एका डॉक्टरांच्या बोलण्यांत आलेलें त्यांनीं ऐकलें. कुरारेवर एसेरीनचा उतारा चालतो, हें ठाऊक होतें. तर मग ह्या विकारावर कां चालूं नये? १९३४ सालीं त्यांनीं छपन्न वर्षांच्या एका रोगी बाईस एसेरीन टोंचलें. मात्रा सुमारें एक मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. थोड्याच वेळांत त्या बाईच्या मिटलेल्या पापण्या उघडल्या, हात उचलूं लागला. कांहीं तासांनीं गुण उतरला, तरी इलाजाची दिशा सांपडली. ह्यापासून पुढें निओस्टिग्मिन, पायरिडोस्टिग्मिन अशीं अधिक टिकणारीं औषधें वापरांत आलीं, व आज हजारों रोगी त्यांच्या बळावर आपलीं नित्याचीं कामें करीत आहेत.

ह्या द्रव्याची रासायनिक घडण १९२५ सालीं एडिंबरो येथें उलगडली. तें प्रयोगशाळेंत बनविण्याचें काम १९३५ सालीं अमेरिकेंत पर्सी जूलियन ह्यांनीं केलें. त्यांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. जूलियन ह्यांचा जन्म १८९९ सालीं आलाबामा संस्थानांतील माँटगोमरी येथें, आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशांत झाला. त्यांचे आजोबा गुलामगिरींत जन्मलेले. त्या गांवीं काळ्या मुलांस आठवीपुढें सरकारी शाळा नव्हती. कॉलेजांत प्रवेश मिळाल्यावर त्यांस दिवसा कॉलेजचा अभ्यास व रात्रीं हायस्कुलाचे राहिलेले विषय असें दुहेरी शिक्षण घ्यावें लागलें. तरी १९२० सालीं ते पदवीपरीक्षेंत आपल्या वर्गांत पहिले आले. व्हिएन्ना येथें डॉक्टरेट मिळवून परतल्यावर योजेफ पिकल ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं एसेरीन बनविण्यास हात घातला. ऑक्सफर्डचे प्रख्यात सर रॉबर्ट रॉबिन्सन ह्याच कामांत गुंतले होते, व त्यांचे निष्कर्ष निराळे येत होते. तरुण जूलियन ह्यांनीं छापील लेखांत त्यांची चूक दाखविली, आणि अखेर जूलियन ह्यांचेंच म्हणणें खरें ठरलें. एवढें करूनही केवळ वर्णामुळें त्यांस प्राध्यापकाची जागा मिळाली नाहीं. कॅलाबार हें एके काळीं गुलामांच्या व्यापाराचें मोठें बंदर होतें. ज्या किनाऱ्यावरून माणसें सांखळदंडांत नेलीं, त्याच किनाऱ्यावरच्या दाण्याचें गूढ गुलामांच्याच एका नातवानें उकललें, ह्यांत विचारी मनुष्यास पुष्कळ सांपडेल.

आजच्या काळीं ह्या कुळांतील औषधें आपल्या अगदीं जवळ येऊन पोंचलीं आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायु सैल करण्याचें जें औषध देतात, त्याचा अंमल उतरविण्यास निओस्टिग्मिन टोंचतात. आपल्या देशांत नागाचा दंश झालेल्या रोग्यास प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन व ॲट्रोपीन देण्याची रीत आहे. नागाचें विष स्नायूच्या कानांत जणूं बोळा घालतें, त्यामुळें घंटा ऐकूं येत नाहीं. नाद थोडा वाढविला तर श्वास चालू राहण्यास मदत होते. मुख्य इलाज प्रतिविषाचाच, व तो इस्पितळांतच. मांत्रिकाकडे घालविलेली घटका पुन्हां हातीं येत नाहीं. तसेंच वृद्धपणीं स्मृति नष्ट करणाऱ्या आल्झायमर विकारावर रिव्हास्टिग्मिन म्हणून जें औषध आहे, तें एसेरीनच्या घडणीवरूनच योजिलें गेलें, व अमेरिकेंत त्यास २००० सालीं मान्यता मिळाली. तें रोग बरा करीत नाहीं. कांहीं रोग्यांस कांहीं काळ थोडा आराम देतें. तेवढेंच म्हणावें, अधिक म्हणूं नये.

ह्या कथेस एक काळी बाजूही आहे. शिपायाचे हात बांधण्याची ही युक्ति किडींवरही चालते, हें पाहून रसायनज्ञांनीं एसेरीनसारख्या घडणीचीं कीटकनाशकें तयार केलीं. कार्बारिल हें त्यांतील एक. भोपाळ येथील ज्या कारखान्यांतून १९८४ सालच्या डिसेंबरांत मिथिल आयसोसायनेट हा वायु सुटून हजारों माणसें मेलीं, तेथें तो वायु ह्याच कीटकनाशकाकरितां सांठविलेला होता. दोष दाण्याचा नव्हे, ज्ञानाचाही नव्हे. ज्ञानाबरोबर जी काळजी व जी जबाबदारी यावयास पाहिजे, ती आली नाहीं म्हणजे काय होतें, हें त्या रात्रीनें दाखविलें.

आतां आरंभीं सांगितलेल्या दोन प्रश्नांकडे पुन्हां पाहूं. 'दोषी कोण?' असें दाण्यास विचारणाऱ्यांनीं उत्तर आधींच ठरविलेलें असे. दाण्याकडून त्यांस फक्त शिक्का हवा होता. 'काय घडतें व कां घडतें?' असें विचारणाऱ्यांनीं मात्रा मोजली, टिपणें ठेविलीं, दुसऱ्यांस तपासूं दिलीं, आणि चूक निघाली तर ती सोडून दिली. निसर्ग कोणाचा गुन्हा सांगत नाहीं; स्वतःचे नियम मात्र विचारणारास सांगतो. हा भेद जुना झाला असें कोणी समजूं नये. आपल्या महाराष्ट्रांतही एखाद्या गरीब विधवेस डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या येतात, आणि अशा अघोरी प्रथांस आळा घालण्यासाठीं २०१३ सालीं कायदा करावा लागला. एसेरेचा प्याला गेला. पण अफवेवर विश्वास ठेवून शेजाऱ्यास दोषी ठरविण्याची खोड माणसांतून गेलेली नाहीं. वर्गांत एखादें पुस्तक हरवलें असतां ज्याच्या अंगावर फाटका सदरा असतो त्याच्याकडेच सर्वांच्या नजरा वळतात; तेव्हां तेथेंही लहानसें विषदिव्यच चाललेलें असतें.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे. आजीबाईच्या बटव्यांतील मुळी असो कीं रानांतील वेल असो, तिला हंसून टाकूं नका. तिच्यांत कदाचित् मोठें औषध दडलेलें असेल. पण कोणी सांगितलें म्हणून ती तोंडांतही घालूं नका. विषयीं तपास करा, मोजा, जाणत्यांस विचारा. आणि वनस्पतीच्या बाबतींत जी सावधगिरी, तीच मनुष्याच्या बाबतींतही बाळगा: पुराव्यावांचून कोणास दोष देऊं नका.